ट्रान्सप्लांटनंतर पाचव्यांदा युरीन इन्फेक्शन, आता मेरोपेनेमपण चालेना. फाज थेरपीबद्दल कोणाला माहिती आहे का?

धाकटी_बहीण

नमस्कार, पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

माझ्या मोठ्या भावाचं (वय ४१) किडनी ट्रान्सप्लांट होऊन १४ महिने झाले. आईने दिली किडनी. आजार पॉलिसिस्टिकचा (किडनीत पाण्याच्या गाठी, म्हणजे सिस्ट, होतात तो), बाबांकडून आलेला, बाबा त्यातच गेले. पहिले तीन महिने इतके छान गेले की आम्ही सगळे जरा सैलावलो, क्रिएटिनिन (रक्तातला आकडा, वाढला की किडनी कमी काम करतेय) १.२, दादा ऑफिसला पण जायला लागला होता. चौथ्या महिन्यात एका रात्री हुडहुडी भरून ताप, लघवीला जळजळ, कल्चरमध्ये क्लेबसिएला नावाची बॅक्टेरिया आली. ईएसबीएल म्हणाले, म्हणजे बरीच अँटिबायोटिक्स निकामी करणारी. मेरोपेनेम या भारी अँटिबायोटिकची इंजेक्शनं दोन आठवडे, रिपोर्ट क्लीन, घरी. आणि सहा आठवड्यांनी परत तेच. मग परत तेच. दर वेळी तोच बॅक्टेरिया, दर वेळी औषधाने जातो आणि दर वेळी परत येतो, आता तर मला कॅलेंडरवर बघूनच पोटात गोळा येतो.

मागच्या वेळच्या सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमध्ये मेरोपेनेमसमोर पण 'आर' आलं, म्हणजे रेझिस्टंट, ते औषध चालत नाही. खाली सगळी 'आर'चीच रांग, एक कोलिस्टिन सोडून. ते दिलं तर क्रिएटिनिन २.१ वर गेलं, बंद केल्यावर १.६ पर्यंत उतरलं पण १.२ काही परत दिसलं नाही. आईला आम्ही हे आकडे अजून सांगितलेले नाहीत. आता आठवडाभरापूर्वी पाचव्यांदा ताप आला, परत ॲडमिट आहे.

अशात भाच्याने एक लेख पाठवला, फाज थेरपी म्हणजे बॅक्टेरियाला खाणारे व्हायरस देतात आणि जिथे सगळी अँटिबायोटिक्स हरली तिथे हे चालतं वगैरे. राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारलं तर "ते सगळं रिसर्चमध्ये आहे हो" म्हणून पुढच्या बेडकडे गेले. त्यांचंही बरोबर असेल, पण मला रात्री झोप लागत नाही म्हणून इथे विचारते. हे खरंच काही आहे का फॉरवर्डमधलं? ज्या माणसाची प्रतिकारशक्ती आपणच गोळ्या देऊन दाबून ठेवलीय त्याला मुद्दाम व्हायरस टोचायचा म्हणजे काय? किडनी रिजेक्ट झाली तर? आणि ट्रान्सप्लांटवाल्या कोणाला हे कधी दिलंय का, का सगळं उंदरांवरच चाललंय?

---

दुसरी_इनिंग

ताई, माझं ट्रान्सप्लांट होऊन ९ वर्षं झाली, पहिली दोन वर्षं मी पण असाच आत बाहेर करत होतो. फाजबिजमधलं मला कळत नाही, त्याचं उत्तर इथले जाणकार देतील. पण एक विचारतो. पाचही वेळा ताप किंवा जळजळ होती का, की काही वेळा नुसतं रूटीन कल्चर पाठवलं आणि त्यात बॅक्टेरिया निघाला म्हणून औषध सुरू केलं?

विचारायचं कारण, माझं तसं झालं होतं. मला काहीच त्रास नाही, ताप नाही, क्रिएटिनिन जागच्या जागी, पण रिपोर्टमध्ये लाल अक्षरं दिसली की तिथले डॉक्टर कोर्स सुरू करायचे आणि मीच आग्रह धरायचो की द्या काहीतरी, आईबापांनी दिलेली वस्तू असल्यासारखी ती किडनी जपत होतो. असे तीन कोर्स फुकट गेले आणि चौथ्या वेळी खरोखरचा ताप आला तेव्हा निम्मी औषधं चालेनाशी झालेली. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की ट्रान्सप्लांटनंतर पहिला महिना दोन महिने गेले की त्रास नसताना नुसता लघवीत बॅक्टेरिया सापडला तर सहसा औषध देऊच नये, २०१९ च्या गाइडलाइनमध्ये तसं स्पष्ट आहे, दिल्याने पुढचं इन्फेक्शन टळत नाही, उलट चिवट जंतू तेवढे उरतात.

दादांना ताप येतोय म्हणजे त्यांचं वेगळं आहे, त्यांना औषध हवंच. पण पुढे मधल्या काळात कोणी उगाच कल्चर पाठवून कोर्स देऊ लागलं तर विचारा जरूर.

---

धाकटी_बहीण

काका, पाचही वेळा ताप होता, दोनदा तर दातावर दात वाजत होते. पण मध्ये एकदा काहीही नसताना सात दिवस गोळ्या दिल्या होत्या हे आत्ता तुमचं वाचून आठवलं.

---

पेट्री_प्लेट

मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे, पेशंट बघत नाही, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

पहिलं म्हणजे हे फॉरवर्डमधलं नाही. फाज अँटिबायोटिक्सपेक्षा जुने आहेत. फेलिक्स देरेल नावाच्या माणसाने १९१७ मध्ये त्यांना बॅक्टेरियोफाज हे नाव दिलं, त्याच्या दोन वर्षं आधी फ्रेडरिक ट्वॉर्टने तेच पाहिलं होतं. पेनिसिलीन सापडायला अजून अकरा वर्षं होती. १९२३ पासून जॉर्जियात तिबिलिसीला एलियावा नावाच्या मायक्रोबायोलॉजिस्टने सुरू केलेली संस्था आहे, तिथे आजतागायत फाज औषध म्हणून वापरतात. बाकी जगाला अँटिबायोटिक्स मिळाली आणि ते फाज विसरले, आता अँटिबायोटिक्स हरायला लागल्यावर परत आठवण झालीय. तुमच्या भाच्याने पाठवलेल्या लेखात बहुतेक २०१६ ची सॅन डिएगोची ती प्रोफेसरांची केस असणार, टॉम पॅटरसन, ॲसिनेटोबॅक्टर नावाच्या बॅक्टेरियाने कोमात गेलेले आणि त्यांच्या एपिडेमियॉलॉजिस्ट बायकोने जगभर ईमेल करून फाज गोळा केले ते. ती केस खरी आहे.

आता व्हायरसची भीती. फाज माणसाच्या पेशीला इन्फेक्ट करू शकत नाही. त्याला चिकटायला जी जागा लागते ती बॅक्टेरियाच्या अंगावर असते, आपल्या पेशींवर नसते. आपल्या आतड्यात आत्ता या क्षणी बेसुमार फाज आहेत, दादांच्या पण आहेत, गोळ्या चालू असताना पण आहेत. फाज बॅक्टेरियाला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, अर्ध्या पाऊण तासात बॅक्टेरिया फुटतो आणि आतून डझनांनी, कधी शेकड्याने नवे फाज बाहेर पडतात. म्हणजे औषधच जागेवर वाढतं. ऐकायला फार भारी वाटतं आणि लॅबमध्ये प्लेटवर बघायला तर त्याहून भारी, बॅक्टेरियाच्या गालिचाला कसर लागल्यासारखी गोल गोल भोकं पडतात.

खरी भीती फाजची नाही, त्याच्यासोबत काय येतं त्याची आहे. फाज वाढवायला बॅक्टेरियाच लागतो, तो फुटला की त्याचं एंडोटॉक्सिन, म्हणजे बॅक्टेरियाचं विष, त्याच द्रवात उतरतं. ते नीट काढलं नाही आणि शिरेतून दिलं तर ताप, बीपी पडणं, काहीही होऊ शकतं. शिवाय काही फाज बॅक्टेरियाला लगेच न मारता त्याच्या डीएनएमध्ये जाऊन बसतात आणि रेझिस्टन्सचे जीन इकडून तिकडे नेऊ शकतात, असले औषधाला चालत नाहीत. म्हणून प्रत्येक फाजचं जीनोम वाचून, शुद्ध करूनच वापरायचा असतो.

प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात काय होतं हे गमतीशीर आहे, दोन्ही बाजूंनी बोलता येतं. एका बाजूने, शरीर फाजविरुद्ध अँटिबॉडी करतं आणि फाज निकामी करतं, ज्याची प्रतिकारशक्ती दाबलीय त्याच्यात हे कमी होईल असा एक तर्क आहे. दुसऱ्या बाजूने, २०१७ मध्ये उंदरांच्या फुप्फुसातल्या स्यूडोमोनास या बॅक्टेरियावर केलेल्या प्रयोगात दिसलं की फाज एकटा पुरा पडत नाही, बॅक्टेरियाची संख्या तो खाली आणतो आणि उरलेसुरले, म्हणजे फाजला दाद न देणारे, ते शरीराच्या पांढऱ्या पेशी संपवतात. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) नसलेल्या उंदरांत फाजने जमलं नाही. दादांची औषधं मुख्यतः टी पेशी दाबतात, न्यूट्रोफिल बऱ्यापैकी असतात, त्यामुळे उंदरांचं चित्र जसंच्या तसं लागू नाही. पण "इम्युनिटी कमी आहे म्हणून फाजच बरा" एवढं सरळ गणित नाही हे.

आणि हो, ट्रान्सप्लांटवाल्यांना दिलंय. नेदरलँड्समध्ये किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या एका पुरुषाला हाच तुमचा ईएसबीएल क्लेबसिएला परत परत होत होता, त्याला मेरोपेनेमबरोबर तिबिलिसीचे फाज दिले आणि गुण आला. पोलंडमध्ये एका बाईंची केस आहे, त्यांना पण पॉलिसिस्टिक, ट्रान्सप्लांटनंतर सारखी क्लेबसिएला, साधारण महिनाभर फाज दिले. त्या केसमध्ये एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, त्यांची स्वतःची जुनी डावी किडनी पण नंतर काढली. आता त्या फाजने बऱ्या झाल्या की किडनी काढल्याने की दोन्हींनी, हे कोण सांगणार.

---

शंका_कुशंका

एक एक केस छापून येते ती बरी झालेल्याची असते हो. ज्याला गुण आला नाही त्याची केस कोण लिहितो.

लघवीच्या इन्फेक्शनवर फाजची एक धड ट्रायल झालीय, तीच तिबिलिसीला, २०२१ मध्ये लॅन्सेटच्या इन्फेक्शनवाल्या जर्नलमध्ये आली. प्रोस्टेटचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि लघवीत इन्फेक्शन होतं असे पुरुष. काहींना नळीतून मूत्राशयात फाज सोडले, काहींना फाज नसलेलं नुसतं द्रावण, काहींना अँटिबायोटिक्स. फाजवाल्या २८ पैकी ५ जणांचं कल्चर साफ झालं म्हणजे १८ टक्के. नुसत्या द्रावणाने ३२ पैकी ९, म्हणजे २८ टक्के. अँटिबायोटिक्सने ३७ पैकी १३, ३५ टक्के. म्हणजे नुसतं धुऊन काढलं तरी फाजपेक्षा कमी गुण आला नाही. त्रास मात्र फाजमुळे जास्त झाला नाही हे मान्य.

मी फाजच्या विरोधात नाही. पण आजारी माणसाच्या घरच्यांना टॉम पॅटरसन सांगायचा आणि ही ट्रायल सांगायची नाही हे मला पटत नाही, इंटरनेटवर नेमकं तेच चालतं.

---

पेट्री_प्लेट

मान्य. ती ट्रायल मीच आधी सांगायला हवी होती.

फक्त तिच्यातून "फाज चालत नाही" एवढा अर्थ काढू नका. तिथे तयार कॉकटेल, म्हणजे अनेक फाजचं मिश्रण, होतं, तिथल्या बॅक्टेरियांवर आधी सरावलेलं, पण तरी सगळ्यांना एकच. आणि अँटिबायोटिकशिवाय, एकटं, सात दिवस. उलट बेल्जियमच्या लष्करी हॉस्पिटलच्या पुढाकाराने ज्या पेशंटना फाज दिले त्यातल्या सलग १०० केसेसचा हिशोब २०२४ मध्ये आला, यशस्वी वेचून नव्हे तर ओळीने आलेल्या १००. सुधारणा ७७ टक्क्यांत, बॅक्टेरिया पूर्ण गेला ६१ टक्क्यांत. आणि ज्यांना सोबत अँटिबायोटिक दिलं नव्हतं त्यांच्यात बॅक्टेरिया जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी कमी. तुलनेला दुसरा गट नव्हता त्यामुळे याला पण पुरावा म्हणताना जपूनच, हे शंका_कुशंका म्हणायच्या आत मीच म्हणतो. पण अँटिबायोटिक बंद करून फाज, असं कोणी म्हणत असेल तर त्याला हे दाखवा.

शांघायची एक केस मला फार आवडते. तिथल्या एका बाईंना सगळ्यांना पुरून उरलेली क्लेबसिएला, परत परत. फाजचं पहिलं कॉकटेल दिलं, बॅक्टेरिया बदलला आणि फाजला दाद देईना. दुसरं दिलं, तेच. तिसऱ्या कॉकटेलबरोबर को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक जोडलं, जे त्या बॅक्टेरियावर रिपोर्टप्रमाणे चालतच नव्हतं, आणि दोन्ही मिळून काम झालं. फाजपासून वाचायला बॅक्टेरियाला स्वतःच्या अंगावरचं काहीतरी टाकून द्यावं लागतं, क्लेबसिएला तर बरेचदा आपलं कवचच सोडते, आणि मग ती दुसरीकडे कमजोर पडते. कुलूप बदलायच्या नादात खिडकी उघडी राहावी तसं.

आणि फाज इतका निवडक असतो की नुसतं "क्लेबसिएलावरचा फाज" असं मागून चालत नाही. आडनाव जुळून उपयोग नाही, घर नंबर जुळावा लागतो. दादांच्याच लघवीतला बॅक्टेरिया घेऊन त्याच्यावर एकेक फाज टाकून बघतात, त्याला काही जण फाजोग्राम म्हणतात, आणि कधी कधी जुळणारा सापडतच नाही.

---

मुसाफिर_२२

ऑनलाइन तयार बाटल्या मिळतात की फाजच्या, पिण्याच्या. मागवून बघा, नुकसान तर काही नाही.

---

रात्रपाळी

मुसाफिर, कृपया असलं सुचवू नका. ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे, मेरोपेनेम न चालणारी क्लेबसिएला आहे, ताप आहे. ती बाटली त्याच्या बॅक्टेरियावर चालते का हेच कोणाला माहीत नाही. आणि पोटातून पिऊन किडनीपर्यंत किती पोचणार.

ताई, मी नेफ्रोलॉजीत रेसिडेंट आहे. दादांच्या टीमला डावलून काही सांगत नाही, पण काही प्रश्न देतो, ते उद्या राउंडला कागदावर लिहून न्या. घाईत असलेला डॉक्टर पण लिहिलेल्या कागदाला उत्तर देतो, हा अनुभव.

मला तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात खटकलेलं वाक्य फाजचं नाही. "दर वेळी औषधाने जातो आणि दर वेळी परत येतो, तोच." हे आहे. दर वेळी बाहेरून नवीन जंतू येत असता तर कधी ई-कोलाय, कधी एन्टेरोकॉकस असं काहीतरी वेगळं आलं असतं. तोच येतोय म्हणजे तो बहुधा कुठेतरी दबा धरून बसलाय आणि लघवी साफ दिसत असताना पण तिथेच आहे.

कुठे बसला असेल? एक, त्यांच्या स्वतःच्या जुन्या किडन्या. पॉलिसिस्टिकवाल्यांच्या त्या सहसा आतच ठेवतात. त्यात शेकडो सिस्ट, आणि सिस्टच्या आतल्या पाण्यात मेरोपेनेमसारखी औषधं नीट शिरत नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा को-ट्रायमॉक्साझोल बरी शिरतात पण ती आता चालत नसतील. म्हणजे रक्तातला आणि लघवीतला बॅक्टेरिया मेला, सिस्टमधला जिवंत, सहा आठवड्यांनी परत दारात. दोन, प्रोस्टेट. पुरुषांमध्ये हे फार वेळा राहून जातं आणि तिथे पण औषधांचं तेच रडगाणं. तीन, लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते, हे साध्या सोनोग्राफीत कळतं आणि तरी कोणी बघितलेलं नसतं. वर्षानुवर्षं लघवी कमी होत होती त्यामुळे ट्रान्सप्लांटनंतर काहींचं मूत्राशय आळशी झालेलं असतं. चार, ऑपरेशनच्या वेळी मूत्रनलिकेत घातलेली नळी, म्हणजे डीजे स्टेंट, काढली का. हसू नका, विसरलेले स्टेंट मी पाहिलेत. आणि नव्या किडनीत लघवी उलटी चढते का, म्हणजे रिफ्लक्स.

सिस्टमध्ये इन्फेक्शन आहे का हे साध्या सीटीत बरेचदा कळत नाही, पेट-सीटीमध्ये जास्त चांगलं दिसतं.

आता हे फाजला जोडून बघा. मूत्राशयात नळीने सोडलेला फाज बंद सिस्टमध्ये जाणार कसा? शिरेतून दिला तरी लिव्हर आणि प्लीहा त्यातले बरेचसे उचलतात, उरलेले सिस्टच्या भिंतीपर्यंत पोचतील का हीच शंका. ज्या जागी औषध पोचत नाही त्या जागी फाज आपोआप पोचेल असं नाही. पोलंडच्या त्या बाईंची किडनी काढावी लागली त्याचं मला त्यामुळे काहीच नवल वाटलं नाही.

अजून एक. "कोलिस्टिन सोडून सगळं आर" म्हणजे रस्ता संपला असं नाही. लॅबला विचारा की बॅक्टेरियाकडे औषध तोडणारा कुठला एन्झाइम आहे, केपीसी, ओक्सा-४८ की एनडीएम, याची वेगळी टेस्ट असते. पहिल्या दोनपैकी असेल तर सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम चालू शकतं. एनडीएम असेल तर ते एकटं चालत नाही पण सोबत ॲझ्ट्रिओनाम दिलं तर जमतं. कोलिस्टिन किडनीला किती जड जातं ते तुम्ही बघितलंच, त्यामुळे हे विचारणं फाजपेक्षा आधी.

रिजेक्शनचं विचारलंत. फाजमुळे रिजेक्शन होतं असं मी कुठे वाचलेलं नाही. वारंवार येणारं इन्फेक्शन, प्रत्येक वेळी वाढणारं क्रिएटिनिन, आणि तापात कोणी घाबरून टॅक्रोलिमस (रिजेक्शन रोखणारी गोळी) फार कमी केली तर, याने किडनीचं नुकसान होतं, ते मात्र रोज बघतो. टॅक्रोची लेव्हल कोणी कधी बघितली ते पण लिहून ठेवत जा.

---

धाकटी_बहीण

मला हे वाचून रडू आलं, चांगल्या अर्थाने. जुन्या किडन्या आतच आहेत हो. त्या आता काही कामाच्या नाहीत म्हणून आम्ही त्यांना विसरूनच गेलो होतो. स्टेंट काढलाय, फाइलमध्ये तारीख सापडली. लघवी किती उरते ते कोणी बघितलं नाही. एन्झाइमचं उद्या विचारते.

---

शंका_कुशंका

रात्रपाळी, छान लिहिलंत. जाता जाता विचारतो, ती क्रिस्पर घातलेल्या फाजची पण ट्रायल चालू आहे ना? ती लघवीचीच आहे.

---

पेट्री_प्लेट

हो, सहा फाजचं कॉकटेल, त्यात बॅक्टेरियाचाच डीएनए कुरतडणारी क्रिस्पर-कॅस३ यंत्रणा बसवलेली. २०२४ मध्ये पहिल्या भागाचे निकाल आले, ३९ पेशंट. पण ती ई-कोलायवर आहे आणि साध्या, गुंतागुंत नसलेल्या इन्फेक्शनवर. ट्रान्सप्लांट झालेला पुरुष म्हणजे व्याख्येनेच गुंतागुंत, त्यामुळे ताईंच्या दादांना त्यातून आज काही मिळणार नाही.

ताई, एक काम मात्र आजच करा, फाज पुढे मिळो न मिळो. लॅबमध्ये जाऊन सांगा की या वेळचा बॅक्टेरिया फेकू नका. आम्ही प्लेट्स काही दिवसांनी फेकतो, जागाच नसते. पुढे सहा महिन्यांनी कोणी फाज जुळवून द्यायला तयार झालं तर पहिली गोष्ट तेच मागतील, आयसोलेट, म्हणजे पेशंटमधून वेगळा काढलेला बॅक्टेरिया, कुठे आहे. ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला ठेवा म्हणावं, ट्रीटिंग डॉक्टरांची चिठ्ठी लागेल बहुतेक.

---

धाकटी_बहीण (बारा दिवसांनी)

अपडेट देते, कोणी वाट बघत असेल तर.

कागद घेऊन गेले. ते राउंडवाले डॉक्टर पहिल्यांदा थांबले. कागद हातात घेऊन वाचला आणि "हे कोणी लिहून दिलं" असं विचारलं, मी म्हटलं नेटवर. हसले, पण खुर्ची ओढून बसले.

एन्झाइमची टेस्ट केली, एनडीएम निघालं. मग रात्रपाळींनी सांगितली तीच दोन औषधं एकत्र सुरू केली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आज क्रिएटिनिन १.५. लघवी झाल्यावर सोनोग्राफी केली तर १४० मिली उरतेय, युरॉलॉजीवाले येऊन गेले, एक गोळी सुरू केलीय आणि ठराविक वेळाने, दोनदा जायला सांगितलंय. दादा म्हणतो मला आता शाळेसारखी घंटा लावा.

पेट-सीटी झाली. डाव्या जुन्या किडनीत खालच्या बाजूला एका सिस्टच्या कडेला काहीतरी चमकतंय. रिपोर्टमध्ये "शक्यता आहे" असं लिहिलंय, ठामपणे नाही. सर्जन म्हणाले आणखी एकदा ताप आला तर ती काढायचा विचार करू, उगाच आत्ता नको, लहान ऑपरेशन नाही ते. डॉक्टरांना शेवटी फाजचं परत विचारलं. म्हणाले बाहेरच्या सेंटरला केस पाठवून बघता येईल, विशेष परवानगी वगैरे लागेल, पण आधी ही सिस्ट आहे की नाही ते कळू दे, नाहीतर फाज पण मेरोपेनेमसारखाच येऊन जाईल.

आईला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली मला माहीत होतं, तुम्ही दोघं स्वयंपाकघरात कुजबुजता ते मला ऐकू येतं.

लॅबमध्ये पण गेले होते. तिथल्या मॅडमनी चिठ्ठी बघून फ्रीझरमध्ये ठेवलं, छोट्या नळ्या, दोन. हे किती वर्षं टिकतं?

---

पेट्री_प्लेट

उणे ८० ला वर्षानुवर्षं. दोन ठेवल्यात ते उत्तम, एक वितळली तरी दुसरी आहे. नळीवरचा आयसोलेट नंबर फाइलमध्ये लिहून घ्या, नावावरून नंतर कोणाला सापडत नाही. आणि विचारा की आधीच्या चार वेळचे कुठले उरलेत का, पहिल्या वेळचा आणि आत्ताचा खरोखर एकच आहे का हे जीनोमवरून तपासता येतं, मग रात्रपाळींचा दबा धरून बसल्याचा अंदाज बरोबर की चूक ते पक्कं कळेल.

---

धाकटी_बहीण

विचारलं आत्ताच फोन करून. पहिले दोन फेकले. तिसऱ्याचं कोणीतरी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ठेवलं होतं म्हणे, ते आहे.

---

पेट्री_प्लेट

मग त्या प्रोजेक्टवाल्याला गाठा.